गळक्या स्लॅबचा हप्ता कुणी भरायचा?

गेल्या काही वर्षांत आमच्या वस्त्यांमध्ये कर्जाचा एक नवा प्रकार शिरला आहे. पूर्वी कर्ज काढले जायचे ते लग्नासाठी, दवाखान्यासाठी, फार तर रिक्षासाठी. आता ते घरदुरुस्तीच्या नावाने येते. पत्रे काढून स्लॅब टाका, संडास-बाथरूम नवे करा, गच्चीला वॉटरप्रूफिंग करा, पैशाची काळजी नको. दारात येणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये कर्ज असते आणि त्याच्यासोबत ठेकेदारही असतो. सह्या झाल्या की फायनान्स कंपनीचे पैसे थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. पहिल्या पावसात स्लॅब गळतो. ठेकेदार फोन उचलत नाही. हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून बरोबर कापला जातो.

हा हप्ता कुणी भरायचा, या प्रश्नाला वस्तीत दोन उत्तरे मिळतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, कर्ज घेतले आहे तर फेडलेच पाहिजे, आपल्या समाजाची पत जाते. तरुण पोरे म्हणतात, हप्ते बंद करा, काय करतात ते बघू. आमच्या मते पहिले उत्तर अन्यायाला मान्यता देते आणि दुसरे उत्तर कर्जदारालाच खड्ड्यात घालते. तिसरा रस्ता आहे. तो कष्टाचा आहे, कागदाचा आहे, म्हणून कुणी सांगत नाही. तो असा की, वाद लेखी उभा करायचा, त्यात ठेकेदाराइतकेच फायनान्स कंपनीलाही ओढायचे आणि ज्याने ठेकेदार निवडला, त्याला पैसे दिले व व्याज खाल्ले, त्याला खराब कामाची जबाबदारी घ्यायला लावायची.

आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथल्या एका ताईंचे उदाहरण घेऊ. ताई कंत्राटी सफाई कामगार आहेत. पगार 14 हजार, अविवाहित मुलगा 8 हजार कमावतो. म्हणजे घरात महिन्याला 22 हजार येतात. बचत गटाच्या ओळखीने घेतलेल्या दोन जुन्या कर्जांचे मिळून 4,500 रुपये जात होते. त्यावर अडीच लाखांचे घरदुरुस्तीचे कर्ज दिले गेले, 24 टक्के दराने, पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे 7,200 रुपये. पाच वर्षांत ताई एकूण 4 लाख 31 हजारांच्या आसपास भरणार. या पैशात त्यांना मिळाले काय? ढाळ नसलेली गच्ची, पॅराफिटच्या कडेला वाटा न मारलेला स्लॅब आणि खालून उघड्या दिसणाऱ्या सळया. स्लॅबवर सात दिवस पाणी मारायचे असते हे ताईंना माहीत होते. मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशीच सेंट्रिंग काढून नेले. गच्चीवर पाणी साठवून पाहिले तर दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खोलीत तीन ठिकाणी थेंब पडत होते.

ताईंनी कंपनीच्या शाखेत तक्रार केली. उत्तर मिळाले, "आम्ही फक्त पैसे दिले. काम तुमचे आणि ठेकेदाराचे. हप्ता वेळेवर भरा."

या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. कंपनीने खरेच फक्त पैसे दिले का? ताईंकडे ठेकेदाराला कुणी आणले? कंपनीच्याच एजंटने. कामाचा अंदाजखर्च कुणी लिहिला? ठेकेदाराने, एजंटच्या समोर, कर्ज मंजूर झाल्यानंतर. पैसे ताईंच्या हातात आले का? एक रुपयाही नाही. काम पूर्ण व समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही कधी घेतली? पहिल्याच दिवशी, इतर सह्यांसोबत. मग ही तीन वेगळी माणसे कशी? हा एकच व्यवहार आहे. नफा वाटून घेताना तो एक असतो आणि जबाबदारी आली की त्याचे दोन तुकडे होतात.

ही युक्ती फक्त आपल्याकडची नाही. 1963 साली डेव्हिड कॅप्लोविट्झ या समाजशास्त्रज्ञाचा 'द पुअर पे मोअर' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींमधील गरीब कुटुंबे वस्तू कशी विकत घेतात, हा त्याचा विषय होता. दारोदार फिरणारे विक्रेते, सोपे हप्ते, निकृष्ट माल आणि चढी किंमत, हे चित्र त्यात आहे. अमेरिकेतील काळ्या वस्त्यांमध्ये घरदुरुस्तीचे ठेकेदारही असेच फिरत. ते गिऱ्हाईकाकडून कर्जरोख्यावर सही घेत आणि तो रोखा फायनान्स कंपनीला विकून टाकत. काम खराब निघाले की कंपनी म्हणे, आम्ही तर रोखा विकत घेतला, ठेकेदाराशी आमचा संबंध नाही. कायदाही तिच्याच बाजूने उभा राहत असे.

पुढे ग्राहक चळवळीच्या आणि गरिबांच्या वकिलांच्या रेट्याने हे बदलले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1975 मध्ये नियम केला आणि 1976 पासून तो लागू झाला. विक्रेत्याविरुद्ध गिऱ्हाईकाची जी तक्रार असेल, जो बचाव असेल, तो कर्ज देणाऱ्याविरुद्धही चालेल. विक्रेत्यानेच गिऱ्हाईक कर्जासाठी पाठवले असेल तरीही हा नियम लागतो. ब्रिटनने 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यातील कलम 75 ने त्याआधीच असे केले होते. 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30 हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीत, विक्रेत्याशी ठरवून कर्ज देणारी कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. म्हणजे कंपनीने वस्तीत धंदा करायला कोणता ठेकेदार पाठवायचा, हे तिला आधी तपासावे लागते. दलित पँथरने 1972 मध्ये काळ्या अमेरिकेकडून नाव आणि बंडखोरी घेतली. त्या समाजाने सावकाराच्या कागदाशी दिलेली ही लढाईही आपण समजून घेतली पाहिजे.

भारतात कर्ज देणाऱ्याला अशी थेट जबाबदारी लावणारे स्पष्ट कलम नाही. हीच खरी पोकळी आहे. त्यात भर म्हणजे राज्याचा सावकारी कायदाही या कंपन्यांना लागत नाही. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी नियमन कायदा गावातल्या परवानाधारक सावकाराला बांधतो. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये केरळ व गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले. तेव्हा उरते ती रिझर्व्ह बँक आणि ग्राहक कायदा.

रिझर्व्ह बँकेचे नाव निघाले की आपली छाती फुगते. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ 1923 चा, त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे दिलेली साक्ष, हे सगळे जयंतीच्या फलकांवर आपण दरवर्षी लिहितो. त्याच बँकेने कर्जदारासाठी केलेले नियम मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचले आहेत. ते वाचले असते तर ताईंच्या कर्जातला दोष सहीच्या आधीच दिसला असता.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल आणि कर्ज विनातारण असेल, तर 2022 च्या नियमांनुसार ते सूक्ष्मवित्त कर्ज ठरते, मग ते कशासाठीही घेतलेले असो. अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. ताईंचे वार्षिक उत्पन्न 2 लाख 64 हजार. मासिक 22 हजारांचे निम्मे 11 हजार. हप्ते 7,200 अधिक 4,500, म्हणजे 11,700. हे कर्ज या आकाराचे द्यायलाच नको होते. याच नियमांनुसार अशा कर्जाच्या थकबाकीसाठी वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास, हे सगळे बंद. शिवाय एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे. 'तो आमचा माणूस नाही' हे उत्तर रिझर्व्ह बँकेपुढे चालत नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे मुख्य बाबींचे पत्रक, देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात ते लिहावे लागते. त्या पत्रकात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ताईंना मिळालेला कागद इंग्रजीत होता, तोही मोबाईलवर.

आता हप्ते बंद करा म्हणणाऱ्या तरुण मित्रांसाठी दोन शब्द. तुमचा राग खरा आहे, पण हप्ता तोडण्याची किंमत नेत्याला मोजावी लागत नाही, घरातल्या बाईला मोजावी लागते. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिलेली असेल आणि शिल्लक नसल्याने ती परत गेली, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. कोरे धनादेश सही करून दिले असतील तर कलम 138 आहेच. दंडशुल्क वाढते, सिबिलचा आकडा पडतो आणि पुढे मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज मागायला गेलो की दार बंद होते. घर गहाण असेल तर सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते आणि धनकोला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण ही हरकत घ्यायची असते हेच बहुतेकांना माहीत नसते. तक्रारीचा एकही कागद नसताना थांबवलेला हप्ता कायद्याच्या नजरेत निषेध ठरत नाही, ती थकबाकी ठरते.

मग करायचे काय? प्रथम पुरावा. ठेकेदाराचा अंदाजखर्च, एजंटचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याची नोंद, कर्जाच्या कराराची प्रत. प्रत दिली नसेल तर लेखी मागायची. गळतीचे फोटो आणि व्हिडिओ तारखेसह ठेवायचे. डागडुजी करण्याआधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून पाहणी करून दोष आणि दुरुस्तीचा खर्च लिहून घ्यायचा. आधी दुसऱ्या मिस्त्रीकडून डांबर फासून घेतले की पुरावा डांबराखाली गेला.

दुसरे पत्र. ठेकेदाराला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच दिवशी, पोचपावतीसह. त्यात एक वाक्य अवश्य असावे: "कामातील दोषाबद्दल माझा वाद असून, त्याचा निकाल लागेपर्यंत मी हप्ते निषेध नोंदवून व माझे हक्क राखून भरत आहे." या वाक्यामुळे हप्ता भरला म्हणजे काम मान्य केले, असे कुणाला म्हणता येत नाही.

तिसरे, 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. फी नाही, वकील नको. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. कंपनी गृहवित्त प्रकारची असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लोकपाल स्लॅब तपासत नाही, तो कंपनीचे वागणे तपासतो. म्हणून तिथे उत्पन्नाच्या 50 टक्क्यांची मर्यादा, न दिलेले पत्रक, आधीच घेतलेली सही आणि एजंटची भूमिका हे मुद्दे लिहायचे. तोच वाद न्यायालयात वा आयोगात सुरू असेल तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून क्रम विचार करून ठरवावा.

चौथे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीही 'सेवा' आहे आणि वित्तपुरवठाही 'सेवा' आहे. घरबांधणीतील त्रुटी ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात 1993 मध्येच सांगितले. त्यामुळे ठेकेदार आणि कंपनी या दोघांना एकाच तक्रारीत सामनेवाले करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावे लागत नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. करारात लवादाचे कलम आहे म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. आणि हप्ता थांबवायचाच असेल तर तो इथे थांबवायचा. कलम 38 खाली आयोग अंतरिम आदेश देऊ शकतो. निकाल लागेपर्यंत वसुली आणि सिबिलमधील नोंद थांबवा, अशी मागणी अर्जात सुरुवातीलाच करावी. आयोग ती मान्य करेलच असे नाही, पण मागितल्याशिवाय ती मिळणारही नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश आहे. तालुका न्यायालयात हे कार्यालय असते. आमचा अनुभव असा की तिथे जाणाऱ्यांत आपले लोक असतात ते बहुतेक नवरा-बायकोच्या भांडणासाठी. फायनान्स कंपनीविरुद्धही हाच वकील मिळतो, हे सांगणारे कुणी नसते.

ताईंचे प्रकरण आयोगापुढे आहे. निकाल लागलेला नाही. ताई हप्ता भरत आहेत, निषेध नोंदवून. पावसाळ्यात त्यांनी खोलीत बादल्या मांडल्या होत्या. कायद्याने तीन ते पाच महिन्यांत निकाल अपेक्षित असला तरी प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे आम्ही लपवत नाही. म्हणूनच एकट्या माणसाच्या तक्रारीवर हा प्रश्न सुटणार नाही. त्याच ठेकेदाराने त्याच एजंटच्या मदतीने त्याच गल्लीत आणखी घरे केली आहेत. ही सगळी घरे एकत्र आली तर 'ठेकेदाराशी आमचा संबंध नाही' हे वाक्य टिकणार नाही. संबंध नसलेला माणूस प्रत्येक दारात कंपनीच्या एजंटबरोबर कसा उभा राहतो, हे आयोगच विचारेल.

राहिला प्रश्न वडीलधाऱ्यांच्या नैतिकतेचा. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यातले एक अणण सुख, कुणाचे ऋण नसण्याचे सुख. कर्जाचे दुःख आपल्या धम्माला परके नाही. पण त्याच धम्माने सम्यक आजीविका सांगितली आणि ती फक्त कर्जदारासाठी नाही. निकृष्ट स्लॅब टाकून पैसे घेणाऱ्याची आणि त्याच्यावर व्याज कमावणाऱ्याची आजीविकाही त्याच तराजूत तोलावी लागेल. जे मिळालेच नाही त्याचे ऋण कसले? ताईंनी अडीच लाख पाहिले नाहीत आणि अडीच लाखांचे कामही पाहिले नाही.

काही विचारवंत म्हणतात, करार दोघांनी मर्जीने केला, सरकारने मध्ये पडू नये. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आर्थिक व्यवहारातून राज्य बाजूला झाले की उरते ते बलवानाचे स्वातंत्र्य, दुर्बलावर खासगी हुकूमशाही चालवण्याचे, असा त्यांचा मुद्दा होता. मोबाईलवर इंग्रजी कागद, खाली ताईंचा अंगठा आणि ओटीपी, याला समानांचा करार म्हणणे ही थट्टा आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्या घरदुरुस्तीच्या कर्जात पैसे थेट ठेकेदाराला दिले जातात, त्यात कामातील दोषाची जबाबदारी ठेकेदाराबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीवरही कायद्याने टाका. पैसे एकदम न देता कामाच्या टप्प्यांनुसार आणि घरमालकाच्या संमतीने द्या. शेवटचा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. सरकारी बांधकामात ठेकेदाराची अनामत दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत अडकवून ठेवतात, मग गरिबाच्या घराला तो नियम का नाही? आणि वाद लेखी नोंदवला गेला की निकालापर्यंत सिबिलमध्ये त्याची 'वादग्रस्त' अशी नोंद झाली पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक बुद्ध विहारात महिन्यातून एक रविवार कर्जाच्या कागदांसाठी ठेवता येईल. वस्तीत एकदोन शिकलेली पोरे असतातच. करार वाचायचा, पत्रक मागायचे, हप्त्यांची बेरीज उत्पन्नाशी ताडून पाहायची, तक्रार लिहायची. आणि 'काम समाधानकारक' या कागदावर पहिला पाऊस पडल्याशिवाय कुणाची सही होऊ द्यायची नाही. शिका आणि संघटित व्हा याचा अर्थ यापेक्षा वेगळा तो काय असतो?

जय भीम.